कोणत्या मुलांना आधी शिकवायचं, हे कोणी ठरवायचं?

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आहे. नोकरी सांभाळून त्या शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करत आहेत. चौथी-पाचवीतल्या, वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी गोष्टींची कार्डं तयार केली आहेत. दोन-दोन मुलं जोडीने बसून ती वाचतात. या पद्धतीने वाचन सुधारतं का, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आहे. पूर्वचाचणी घेऊन त्यांनी वर्गातली सर्वांत कच्ची १८ मुलं प्रायोगिक गटात, म्हणजे कार्डं मिळणाऱ्या गटात घातली आणि उरलेली २३ नियंत्रित गटात, म्हणजे तुलनेसाठी कार्डांविना ठेवलेल्या गटात. मार्गदर्शकांना हे पसंत नाही. शेजारच्या गावची शाळा नियंत्रित गट म्हणून घ्या, असं ते सांगतात. एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं वेगळंच. एवढ्याशा मुलांवर पीएच.डी. होत नाही, न्यादर्श, म्हणजे अभ्यासासाठी निवडलेला नमुना, किमान ३८४ हवा, गुगल फॉर्म काढून शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाका, असा त्यांचा सल्ला. पत्राच्या शेवटी बाईंनी लिहिलं आहे: "चिठ्ठ्या टाकून अर्ध्या मुलांना वगळणं मला जमणार नाही. ज्याला गरज आहे त्यालाच नाही म्हणायचं? आणि इतक्या थोड्या मुलांवरून काही सिद्ध तरी होतं का?"

ताई,

३८४ हा आकडा आधी बाजूला ठेवू, कारण तुमच्या कामाशी त्याचा संबंधच नाही. क्रेज्सी आणि मॉर्गन या दोघांनी १९७० साली एक तक्ता छापला, तिथून तो आला आणि आपल्याकडच्या शेकडो प्रबंधांत जाऊन बसला. जिल्ह्यातल्या किती टक्के शिक्षकांकडे वर्गात वाचनपेटी आहे, असा प्रश्न असेल, उत्तरात पाच टक्के इकडे-तिकडे चालणार असतील आणि पंच्याण्णव टक्के भरवसा हवा असेल, तर मोठ्या लोकसंख्येतून साधारण ३८४ जण पुरतात. तेही पूर्ण यादीतून यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी काढावी तसे निव्वळ योगायोगाने उचललेले असतील तरच. तुम्हाला टक्केवारी काढायची नाही. एका पद्धतीने दुसरीपेक्षा जास्त फरक पडतो का, हे पाहायचं आहे. दोन्ही प्रश्नांचं गणित वेगळं आहे.

गुगल फॉर्मचंही तेच. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांच्या जोरावर रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं साप्ताहिकाने छापलं. लँडन यांना जेमतेम दोन राज्यं मिळाली, रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांमधून. मंदीच्या त्या काळात हे दोन्ही कोणाकडे होतं ते उघड आहे. शिवाय पत्रिका भरून परत पाठवायची तसदी ज्यांनी घेतली तेवढेच मोजले गेले. तुमचा फॉर्म भरणारे चारशे शिक्षक हे असेच स्वतःहून पुढे आलेले असतील आणि ते सांगतील ते त्यांचं मत. मुलाला वाचता येतं की नाही, ते मुलाला वाचायला बसवल्याशिवाय कळत नाही. तेव्हा तो फॉर्म काढूच नका.

आता थोड्या मुलांची भीती. दोन गटांच्या सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे पाहायला प्रबंधात तुम्ही टी-मूल्य काढणार आहात. ते शोधलं विल्यम गॉसेट यांनी. डब्लिनमधल्या गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत ते नोकरीला होते आणि 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहायचे. १९०८ सालचा त्यांचा निबंध नेमका याच अडचणीवरचा आहे: हाताशी मोजकीच निरीक्षणं असताना निष्कर्ष कसा काढायचा. म्हणजे तुमचं मुख्य हत्यारच छोट्या न्यादर्शासाठी घडवलेलं आहे. त्यामुळे १८ या आकड्याची मला तेवढी काळजी वाटत नाही. ती मुलं निवडली कशी, याची वाटते. आणि त्याबद्दलही सर्वांत नेमकं लिहिलं आहे ते याच गॉसेट यांनी, म्हणून ती हकीकत जरा सविस्तर सांगते.

१९३० साली स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायर परगण्यात शाळेतल्या मुलांना दूध देऊन पाहायचं ठरलं. दुधाने वाढ चांगली होते का, हा प्रश्न. प्रयोग अवाढव्य होता. ६७ शाळा, २० हजार मुलं. त्यातल्या १० हजारांना चार महिने रोज पाऊण पिंट, म्हणजे आपल्या मापाने सव्वाचारशे मिलिलिटरच्या आसपास दूध. उरलेल्या १० हजारांना काही नाही. दूधवाल्यांपैकी निम्म्यांना कच्चं, निम्म्यांना पाश्चराइज्ड. कोणाला दूध मिळणार हे चिठ्ठ्यांनी किंवा आडनावाच्या अक्षरक्रमाने ठरणार होतं. फक्त एक सवलत ठेवली होती. एखाद्या गटात धडधाकट मुलं किंवा कुपोषित मुलं प्रमाणाबाहेर आली आहेत असं मुख्याध्यापकांना वाटलं, तर त्यांनी काही नावं बदलून समतोल साधावा.

समोर हडकुळं मूल उभं आहे आणि दुधाची यादी आपल्या हातात आहे, तेव्हा माणूस काय करतो? त्या शिक्षकांनी तेच केलं. मुद्दाम कट करून नव्हे, पण गरीब आणि अशक्त मुलं दुधाच्या यादीत सरकत गेली. प्रयोग सुरू झाला त्या दिवशीच दूध न मिळणारी मुलं दूध मिळणाऱ्यांपेक्षा सरस होती. वजनात तीन महिन्यांच्या वाढीइतकी, उंचीत चार महिन्यांच्या वाढीइतकी. १९३१ साली गॉसेट यांनी हे आकडे उलगडून दाखवले. पुढची गोष्ट त्याहून बारीक आहे. मुलांचं वजन फेब्रुवारीत आणि जूनमध्ये अंगावरच्या कपड्यांसकट केलं होतं. खात्यापित्या घरच्या मुलाच्या अंगावर हिवाळ्यात जाड लोकरी कपडे, जूनमध्ये हलके. त्यामुळे त्याची वाढ काट्यावर कमी दिसणार. गरिबाच्या मुलाचे कपडे दोन्ही ऋतूंत जवळपास सारखेच. दूधवाल्या गटात गरीब मुलं जास्त, म्हणून त्या गटाचं वाढलेलं वजन दुधाचं किती आणि कपड्यांचं किती, हे वेगळं काढता येईना. कच्चं दूध आणि पाश्चराइज्ड दूध यांची तुलनाही अशीच अडली, कारण एका शाळेत एकाच प्रकारचं दूध दिलं होतं. २० हजार मुलं असूनही नेमक्या प्रश्नाचं उत्तर निसटलं. गॉसेट यांची सूचना अशी होती की एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या, नाणं उडवून जोडीतल्या एकालाच दूध द्या. खर्च शंभरातला एखाददुसरा हिस्सा होईल आणि उत्तर जास्त पक्कं मिळेल.

ताई, तुमची १८ मुलं त्या दूधवाल्या मुलांसारखीच निवडली गेली आहेत. फरक इतकाच की तिथे पारडं नकळत झुकलं आणि तुम्ही उघडपणे झुकवलं आहे. सहा आठवड्यांनी १८ जणांचं वाचन २३ जणांपेक्षा जास्त सुधारलेलं दिसलं, तर त्याची दोन-तीन कारणं मलाच इथे बसून सांगता येतील. जो मिनिटाला पन्नास शब्द वाचतो त्याला सत्तरवर न्यायला कष्ट पडतात. जो दहावर अडलाय तो तिसावर लवकर येतो. शिवाय पूर्वचाचणीत तळाला जी मुलं येतात, त्यातली काही खरोखर कच्ची असतात आणि काहींचा तो दिवस वाईट असतो. कोणी तापातून उठलेलं, कोणी न जेवता आलेलं, कोणी चाचणीला नवा माणूस पाहून बुजलेलं. यांना काहीही न शिकवता पुढच्या महिन्यात पुन्हा बसवलं तरी गुण चढतात. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. तळाची मुलं वेचून घेतली की ही चढण फुकटात मिळते आणि ती कार्डांच्या खात्यावर जमा होते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकाने हे विचारलं, तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

मार्गदर्शकांचा पर्याय याहून बरा. पण त्यातही एक खाच आहे. इकडे तुमची शाळा, तिकडे शेजारच्या गावची. दोन्हीकडे वीस-वीस मुलं असली तरी ही तुलना खरं तर दोन शाळांची आहे. तिथले गुरुजी तुमच्याइतके उत्साही नसतील, किंवा जास्त असतील. ते गाव रस्त्यावरचं असेल, तिथे शिकवणी असेल. निकालातला फरक कार्डांमुळे की गावामुळे, हे मुलांची संख्या कितीही वाढवून कळणार नाही. शाळांची संख्या वाढवावी लागेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला तेव्हा एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना केली नाही. ३९ गावांत सेवा दिली, ४७ गावं तुलनेला ठेवली आणि सेवा सुरू करण्याआधी दोन वर्षं दोन्हीकडचे बालमृत्यू मोजले. तिथे चिठ्ठ्या नव्हत्या, पण गावं भरपूर होती आणि आधीची स्थिती नीट नोंदलेली होती, म्हणून १९९९ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांना वजन आलं. तुम्हाला एकटीला ८६ गावं झेपणार नाहीत. म्हणून मी वेगळं सुचवणार आहे.

त्याआधी तुमच्या मनातल्या खऱ्या प्रश्नाकडे येते. गरज असलेल्याला नाही कसं म्हणायचं? यात तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, ती म्हणजे कार्डांचा उपयोग होतो. होत असेलही, तुमचा अनुभव तसं सांगतोही. पण ते ठाऊक असतं तर प्रबंधाची गरज नव्हती. आज तुम्हाला इतकंच माहीत आहे की मुलाचा रोजचा अर्धा तास या कार्डांवर जाईल. तो वसूल होईल की वाया जाईल, हे अजून कळायचं आहे. शिवाय "नाही" म्हणायचंच कुठे आहे? "आधी" आणि "नंतर" एवढंच ठरवायचं आहे.

मुंबई आणि वडोदऱ्यातल्या महापालिका शाळांत 'प्रथम' संस्थेचा बालसखी कार्यक्रम होता. वस्तीतली एखादी शिकलेली मुलगी वर्गातल्या पंधरा-वीस मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास बाजूला घेऊन अक्षरओळख, साधं वाचन, बेरीज-वजाबाकी करून घ्यायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून त्याचं मोजमाप केलं. वडोदऱ्यात त्यांनी असं केलं: यादृच्छिक पद्धतीने निम्म्या शाळांना तिसरीसाठी बालसखी दिली, उरलेल्या निम्म्यांना चौथीसाठी. पुढच्या वर्षी अदलाबदल. एकही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही आणि तरी प्रत्येक इयत्तेला तुलनेसाठी दुसरा गट मिळाला. मदत कच्च्या मुलांनाच मिळाली आणि फायदाही मुख्यतः त्यांनाच झाला. म्हणजे गरज पाहणं आणि चिठ्ठी टाकणं यांत भांडण नाही. कोण पात्र, हे गरजेवरून ठरवा. पात्र असलेल्यांत आधी कोण, हे चिठ्ठीवर सोडा. हे न्यायाचंही आहे. सरपंचाचा पुतण्या, तुमच्याच सहकाऱ्याची मुलगी, आई रोज शाळेच्या दारात येऊन विनवते तो मुलगा, यांतलं कोणाला आधी घ्यावं हे तुम्ही ठरवलंत तर कोणावर तरी अन्याय होणारच. चिठ्ठीला यातलं कोणीच ओळखीचं नसतं.

आता रचना. तुमच्या केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहात, दहाएक शाळा असतील. केंद्राच्या शिक्षण परिषदेत विषय मांडा आणि तुमच्यासकट चार शाळांतले तयार शिक्षक मिळवा. प्रत्येक शाळेत चौथी-पाचवीतल्या मुलांची यादी करा. त्यात घेण्याची अट चाचणीच्या आधी कागदावर लिहून ठेवा. समजा, 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत वापरतात त्या साधनातला पहिलीच्या पातळीचा परिच्छेद ज्याला सलग वाचता येत नाही, तो पात्र. अट ठरली की काठावरच्या मुलाला आत-बाहेर करायचं नाही. हे मोह किती सूक्ष्म असतात, ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पिकांच्या पाहणीत दाखवून दिलं. शेतात लहानसा तुकडा आखून कापणी केली की उतारा खऱ्यापेक्षा फुगलेला येतो. दोरीखाली आलेलं धाट आत धरायचं की बाहेर, हे कापणाऱ्यावर राहतं, आणि हात आत धरण्याकडे वळतो. तुकडा जितका लहान, तितका काठाचा वाटा मोठा आणि चूकही मोठी. तुमच्या गावात पीकविम्यासाठी होणारा पीक कापणी प्रयोग तुम्ही पाहिला असेल. तिथे कापणीची जागा यादृच्छिक अंकांवरून, शेताच्या कोपऱ्यापासून पावलं मोजून ठरवायची असते, ती याचसाठी. नाहीतर डोळा भरघोस पिकाकडे किंवा करपलेल्या पिकाकडे जातोच. तुमचं क्षेत्र तर फारच लहान आहे.

पात्र मुलांच्या मग जोड्या लावा. या वाचायला बसायच्या जोड्या नव्हेत, वाटणीसाठीच्या. एकाच शाळेतली, वाचनात जवळपास सारखी दोन मुलं म्हणजे एक जोडी. गॉसेट यांच्या जुळ्यांची जागा या जोड्या घेतील. प्रत्येक जोडीसाठी दोन चिठ्ठ्या, "पहिली तुकडी" आणि "दुसरी तुकडी". दोन्ही सारख्या कागदाच्या, सारख्या घडीच्या. डब्यातून चिठ्ठी काढायची ती मुख्याध्यापकांसमोर, पालक हजर असतील तर त्यांच्या देखत आणि शक्यतो तुमच्या नव्हे तर दुसऱ्याच कोणाच्या हाताने. जे निघेल ते लगेच वहीत लिहून सह्या घ्या. निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची नाही, कितीही वाटलं तरी.

वेळापत्रक आखताना ऊसतोडीचा विचार करा. तुमच्या भागातली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्यांबरोबर निघतात आणि मुलं पार उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दुसरी तुकडी दिवाळीनंतर ठेवलीत तर ज्यांना "तुमची पाळी नंतर" असं सांगितलं, तीच मुलं कारखान्याच्या तळावर असतील. म्हणून दोन्ही तुकड्या दसऱ्यापूर्वी बसवा. सहा-सहा आठवडे, रोज अर्धा तास. जोड्या लावतानाही जाण्याची शक्यता असलेलं मूल तशाच दुसऱ्या मुलाबरोबर लावा. मधेच कोणी गळालंच, तर ते कोणत्या तुकडीतलं, केव्हा आणि का, ही नोंद ठेवा. शेवटी हजर होती त्यांचेच गुण जोडून काढलेली सरासरी फसवी असते. मोजमाप तीनदा करा: सुरुवातीला, पहिली तुकडी संपल्यावर आणि दुसरी संपल्यावर. प्रबंधातली मुख्य तुलना मधल्या मोजमापाची, कारण तेव्हा एका गटाला कार्डं मिळालेली असतील आणि दुसऱ्याला नाहीत.

आता चलांकडे, म्हणजे अभ्यासात बदलणाऱ्या गोष्टींकडे येऊ. तुमच्या आराखड्यात स्वाश्रयी चल (ज्याचा परिणाम पाहायचा) म्हणून "गोष्टकार्डांद्वारे जोडीवाचन" आणि आश्रयी चल (ज्यावर परिणाम पाहायचा) म्हणून "वाचनकौशल्य" लिहिलं आहे. पण पत्रातल्या वर्णनावरून प्रायोगिक गटाला एकाच वेळी चार गोष्टी मिळणार आहेत: कार्डं, जोडीदार, शाळा सुटल्यावरचा जादा अर्धा तास आणि तुमचं जातीने लक्ष. मुलं सुधारली तर श्रेय यातल्या कशाला? सगळं वेगळं करायला निघालात तर प्रबंध आयुष्यभर संपणार नाही. दोन मात्र सहज वेगळे होतात. दुसऱ्या तुकडीची मुलंही तो अर्धा तास थांबू देत. त्यांनी नेहमीसारखं पाठ्यपुस्तक वाचावं. म्हणजे वेळ दोन्हीकडे सारखा. आणि शिक्षकांनी एक दिवसाआड गट बदलावा. आज तुम्ही कार्डवाल्यांकडे, तुमचे सहकारी पुस्तकवाल्यांकडे, उद्या उलट. दोनशिक्षकी शाळेतही हे बसतं. कार्डं आणि जोडीदार ही एकच पद्धत म्हणून राहू दे, फक्त निष्कर्षात दोन्ही मिळून नाव घ्या. "कार्डांमुळे" असं एकट्याचं लिहू नका.

कार्डं मैदानात, घरी, भावंडांकडे जातील आणि दुसऱ्या गटालाही त्यांचा लाभ होईल, हा धोका आहेच. रोज मोजून परत कपाटात ठेवा. तरी थोडी गळती झालीच तर तिने दोन गटांतला फरक कमी होईल. नसलेला फरक त्यातून तयार होणार नाही. अशा चुकीसोबत जगता येतं, फक्त ती प्रबंधात कबूल करा.

"वाचनकौशल्य" मात्र असं मोघम ठेवू नका. कार्यात्मक, म्हणजे मोजता येईल अशी व्याख्या अशी करता येईल: न पाहिलेला, दुसरीच्या पातळीचा उतारा, एका मिनिटात अचूक वाचलेले शब्द, आणि त्यानंतर तोंडी विचारलेल्या पाच प्रश्नांची उत्तरं. 'असर'च्या पायऱ्या, म्हणजे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, या मुलं निवडायला उत्तम आहेत. सहा आठवड्यांतली सुधारणा टिपायला त्या फार रुंद पडतात. मूल मिनिटाला बारा शब्दांवरून पंचवीसवर आलं तरी कदाचित त्याच पायरीवर राहील. उतारे तीन लागतील, सारख्या कठीणपणाचे, आणि कोणाला कोणता आधी द्यायचा तेही आलटून-पालटून. चाचणी घेणारी व्यक्ती बाहेरची हवी आणि कोण कोणत्या तुकडीतलं हे तिला माहीत नसावं. तुम्ही स्वतः घेऊ नका. तुमच्या कार्डांवर सहा आठवडे झटलेलं मूल "ग" वर अडलं की तुम्ही अर्धा सेकंद जास्त थांबाल; कोणीही माया असलेला माणूस थांबेल.

आणि आता संख्या. चार शाळांत मिळून तीसेक जोड्या जमल्या तर मला पुरे वाटतात, पण का ते समजून घ्या. दोन गटांत अर्ध्या प्रमाण विचलनाचा (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं हे माप) फरक खरोखर असेल आणि तो ऐंशी टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर एरवी गटागणिक ६४ मुलं लागतात. पण पूर्वचाचणीचे गुण हिशेबात धरले आणि पूर्व व उत्तरचाचणीतला सहसंबंध (आधीच्या आणि नंतरच्या गुणांची जुळणी; १ म्हणजे पूर्ण) ०.८ च्या घरात असला, तर हीच गरज २३-२४ वर येते. शब्द मोजण्याच्या चाचणीत असा सहसंबंध अनेकदा मिळतो. म्हणून नुसता टी नको, ॲन्कोव्हा करा, म्हणजे पूर्वचाचणीचे गुण हिशेबात धरून गटांची तुलना. तुमच्या विभागातले संख्याशास्त्राचे कोणीही शिकवतील. मात्र फरक लहान असेल तर तो तुमच्या जाळ्यातून सुटेल. बालसखीच्या अभ्यासात पहिल्या वर्षअखेर सरासरी फायदा ०.१४ प्रमाण विचलन आणि दुसऱ्या वर्षअखेर ०.२८ इतकाच होता, तोही शेकडो वर्ग घेऊन दिसला. तेव्हा तुमचा फरक सार्थ, म्हणजे योगायोगापलीकडचा, निघाला नाही, तर "पद्धत निरुपयोगी आहे" असं लिहायचं नाही. "एवढ्या न्यादर्शात, एवढ्या काळात मोठा फरक आढळला नाही" असं लिहायचं. प्रामाणिकपणे केलेल्या अशा कामावर पीएच.डी. मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे, आणि चांगले परीक्षक ती देतात.

शीर्षकही आटोपतं घ्या. "महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांतील विद्यार्थी" हे तुमच्या आवाक्यातलं नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच आधणात शिजलेला असतो म्हणून. पालघरच्या पाड्यावरची शाळा, कोल्हापूरजवळची शाळा आणि तुमची शाळा एका आधणातल्या नाहीत. तुमच्या केंद्रातल्या शाळाही तुम्ही तयारी पाहून निवडणार आहात, यादृच्छिक पद्धतीने नव्हे. म्हणून शाळांची निवड सहेतुक आणि मुलांची गटवाटणी यादृच्छिक, असं दोन वेगळ्या वाक्यांत स्पष्ट लिहा. या दोन गोष्टींची गल्लत मी प्रबंधामागून प्रबंधांत पाहते. निवड यादृच्छिक असली तर निष्कर्ष किती लांबवर नेता येतो ते ठरतं. वाटणी यादृच्छिक असली तर फरकाचं कारण सांगता येतं. तुम्हाला दुसरं हवं आहे आणि ते तुमच्या हातात आहे.

बी.एड.चं कृतिसंशोधन करणारे, नर्सिंग किंवा समाजकार्याचे विद्यार्थीही अशी पत्रं पाठवतात, त्यांच्यासाठी थोडं. तुमच्याजवळ वाटणी करण्याइतका वेळ किंवा अधिकार नसेल तर प्रयोगाचा आव आणू नका. ओपीडीत त्या आठवड्यात आलेल्या चाळीस बायकांशी बोललात, तर तो सोयीस्कर नमुना आहे; तसंच लिहा, "यादृच्छिक पद्धतीने निवडल्या" असं लिहू नका. अनुभव समजून घ्यायचा असेल, एखादी अडचण नेमकी कुठे आहे ते शोधायचं असेल, तर अशा नमुन्यातूनही मोलाचं काम होतं. एकाच गटाची आधी आणि नंतर चाचणी घेतली असेल तर सुधारणा झाली एवढंच सांगा, कशामुळे झाली ते सांगू नका.

ताई, आराखडा मंजूर झालेला असल्याने बदलासाठी मार्गदर्शकांची सही आणि विद्यापीठाच्या समितीची मान्यता लागेल. मार्गदर्शकांना भेटाल तेव्हा त्यांचा मुद्दा योग्य होता हे आधी सांगा. नियंत्रित गट तुमच्या जुन्या गटाहून वेगळा हवा, ही त्यांची मागणी या रचनेत पूर्ण होतेच. गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. पालकसभेत साध्या भाषेत सांगा की दोन्ही तुकड्यांना कार्डं मिळणार आहेत, आधी-नंतर चिठ्ठीने ठरेल आणि नको असेल त्याने नाही म्हटलं तरी मुलाचं शाळेत काही बिघडणार नाही. मुलांनाही विचारा. दुसऱ्या तुकडीच्या तारखा परवानगीच्या अर्जातच घाला, म्हणजे पहिली तुकडी संपल्यावर कामाच्या रेट्यात ती राहून जाणार नाही.

जूनअखेर कागदपत्रं हातात आली नाहीत तर घाईने जुलैत सुरू करू नका, पुढच्या वर्षावर जाऊ द्या. तोवर तिन्ही उतारे दुसऱ्या केंद्रातल्या दहा-पंधरा मुलांकडून वाचून घ्या. एखादा उतारा सगळ्यांनाच जड गेला किंवा सगळ्यांनीच झरझर वाचला, तर तो बदला. चाचणी घेणाऱ्या व्यक्तीलाही याच वेळी सोबत न्या. घड्याळ केव्हा सुरू करायचं, अडलेल्या शब्दावर किती थांबायचं, मुलाने स्वतःची चूक सुधारली तर ती बरोबर धरायची का, हे तिथेच ठरवून लिहून घ्या.